लॅपटॉप मुलांच्या हातातून काढून घेऊ नका

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. "अपडेट आलं की इंटरनेट जातं, मुलांच्या अभ्यासाचा खोळंबा होतो. खालील पाच पायऱ्या करा आणि अपडेट कायमचं बंद करून टाका." खाली अंगठ्यांचा पाऊस, जोडलेले हात, "खूप उपयुक्त माहिती दादा, धन्यवाद". मी तिथेच लिहायला बसले होते, पण चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

माझं म्हणणं असं, की अपडेट कायमचं बंद करणं ही चूक आहे. पण त्याहून मोठी चूक आपण त्याच्या आधीच केलेली असते. नेट गेलं रे गेलं की आपण मुलाच्या हातातून लॅपटॉप काढून घेतो.

आधी जे मान्य करायचं ते करते. अपडेटमुळे नेट जातं ही काही अफवा नाही. इथे यूकेत जे २०१६ साली होते त्यांना तो डिसेंबर आठवत असेल. विंडोज १० आणि विंडोज ८ वापरणाऱ्या कितीतरी घरांतलं इंटरनेट अचानक बंद पडलं. लोक आपापल्या ब्रॉडबँड कंपनीला फोन करत बसले, आणि लाइन तर ठणठणीत होती! राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता देतो, तो पत्ताच कॉम्प्युटरला मिळत नव्हता. मायक्रोसॉफ्टने आपल्या वेबसाइटवर पाटी लावली की कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, नुसता बंद करून चालू करू नका. ज्याचं नेट गेलंय त्याने हा सल्ला नेटवर जाऊन वाचायचा. १३ डिसेंबरच्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. पुढे २०२० च्या फेब्रुवारीअखेर आलेल्या एका अपडेटने, व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरणाऱ्या काही कॉम्प्युटरांवर नेट नसल्याचं दिसायला लागलं. दुरुस्ती आली ३० मार्चला. म्हणजे सगळं जग घरात बसून व्हीपीएनवर ऑफिस चालवत होतं नेमक्या त्या दिवसांत.

तेव्हा चिडण्यात काहीच गैर नाही. पण चिडून कुलूपच काढून फेकायचं का? १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट काढलं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्यावर १२ मेला वॉनाक्राय येऊन आदळला. इंग्लंडमधल्या एनएचएसच्या साधारण एक तृतीयांश ट्रस्टना झळ बसली, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्या ग्रुपमध्ये डॉक्टर आणि नर्स कमी नाहीत, त्या शुक्रवारी वॉर्डात काय गोंधळ होता ते त्यांना विचारा. दोन महिने अपडेट हातात होतं, पण लावलं गेलं नव्हतं. आणि आपण तर कायमचं बंद करायला निघालोय, तेही ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम चालतं आणि पासपोर्टचे स्कॅन पडलेले असतात, त्याच्यावर.

परीक्षेचा आठवडा असेल तर अपडेट थोडे दिवस थांबवून ठेवा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की 'पॉज' आहे, विंडोज ११ मध्ये ते एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत चालतं. मधल्या काळात बिघडलेली अपडेट्स बहुतेक वेळा सुधारून येतात. त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालायची काही गरज नाही.

हे झालं अपडेटचं. आता मूळ दुखणं.

आमची लेक दोन वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीत गेली, घरापासून अडीच तासांवर. पहिल्याच सत्रात एक निबंध दुपारी बारापर्यंत ऑनलाइन जमा करायचा होता. आदल्या रात्री लॅपटॉपने अपडेट घेतलं, आणि सकाळी बघते तर वायफायचं बटणच गायब. साडेनऊला घरी फोन. अर्थातच बाबांना.

"बाबा, नेट नाही चालत."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काही नाही. म्हणजे, नेट नाहीये."

"खाली उजव्या कोपऱ्यात काय चित्र आहे? पृथ्वीसारखं आहे का?"

"आहे. मग?"

या 'मग'चं उत्तर नवऱ्याच्या बोटांत होतं, तोंडात नव्हतं. वीस वर्षं आयटीत काढलेला माणूस. लॅपटॉप समोर असता तर पाच मिनिटांचं काम. फोनवर मात्र, जिने आयुष्यात एकदाही ती खिडकी उघडलेली नाही तिला ती कुठे आहे हे सांगता सांगता त्याचा आवाज चढला, तिचं रडू सुरू झालं. मग कुणीतरी म्हणालं, फोनचा हॉटस्पॉट लाव. (कुणीतरी म्हणजे मीच.) हॉटस्पॉट लागला, पण लॅपटॉपला तो दिसेना. दिसणार कसा? फोनचा हॉटस्पॉटही वायफायवरच येतो, आणि लॅपटॉपचं वायफायच मेलेलं होतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं असतं तर अँड्रॉइड फोनवर बहुधा लगेच चाललं असतं. आयफोन असला तर लॅपटॉपवर ॲपलचं सॉफ्टवेअर आधीपासून असावं लागतं. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी त्या हॉटस्पॉटपायी आमचा अख्खा तास गेला.

बारा वाजून गेले. शेजारच्या खोलीतली मुलगी दूध मागायला आली, हिचा अवतार बघून म्हणाली, "अगं, फाइल पेनड्राइव्हवर घे आणि लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून पाठव ना." लायब्ररी समोरच्या इमारतीत! बारा चाळीसला निबंध गेला, उशिरापायी दहा गुण कापले गेले. अडीच तास आम्ही तिघं लॅपटॉप दुरुस्त करत होतो, आणि दुरुस्त करायचा नव्हताच, निबंध पोचवायचा होता.

संध्याकाळी त्याच मुलीने लॅपटॉपही बरा केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डासमोर पिवळा त्रिकोण होता. त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. नवा ड्रायव्हर त्या कार्डाशी जुळत नव्हता. जुना परत आणला, वायफाय आलं.

त्या रात्री मी नवऱ्यावर चिडले, मग माझ्या लक्षात आलं की चिडायला हवं ते दोघांवर. अठरा वर्षं आमच्या घरात एकच पद्धत होती. नेट गेलं की "सरक, मी बघतो". नाहीतर माझं पेटंट वाक्य, "काही हात लावू नकोस, बाबा येऊ देत." लेक उठून बाजूला उभी राहायची आणि फोन बघायची. पाच मिनिटांत नेट यायचं. काय बिघडलं होतं, कसं कळलं, काय केलं, यातलं काहीही तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. "आजकालच्या मुलांना कॉम्प्युटर जन्मतःच कळतो" हे आपण कौतुकाने सांगतो ना, ते साफ खोटं आहे. त्यांना ॲप वापरता येतात. बंद पडलेल्या ॲपच्या मागे काय आहे हे त्यांना दाखवलं कुणी? आणि खरं सांगायचं तर मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. माझ्या ओळखीच्या घरांत मुलगे निदान बाबांच्या खांद्यावरून डोकावतात. मुलींना आपण चहा टाकायला पाठवतो, लंडनमध्ये राहूनसुद्धा.

धाकटा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या बाबतीत मी नियम केला: प्रश्न विचारायचे, माउसला हात लावायचा नाही. नियम त्याच्यासाठी नाही, नवऱ्यासाठी.

तीन महिन्यांपूर्वी प्रसंग आलाच. बुधवार होता. (मायक्रोसॉफ्टची महिन्याची मोठी अपडेट्स दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला सुटतात, म्हणजे इथे संध्याकाळी सहाला. बुधवारच्या रडारडीचं कारण पुष्कळदा तेच असतं. आखातातल्या मंडळींकडे तर रात्रच झालेली असते.) शाळेतून आला, लॅपटॉप उघडला, एकही पान उघडेना. नवरा खुर्चीतून निम्मा उठला होता, मी त्याला खाली बसवलं.

पहिला प्रश्न: फक्त तुझं गेलंय की सगळ्यांचं? त्याने फोन वायफायवर आहे याची खात्री करून एक पान उघडलं. उघडलं. म्हणजे बाहेरची लाइन आणि राउटर दोन्ही बरे आहेत, भांडण लॅपटॉपशी. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, आणि आपण तोच विचारत नाही. धावत जाऊन राउटरची वायर उपटतो, की घरातल्या बाकी सगळ्यांचं नेटही जातं.

दुसरा: रिस्टार्ट केलास? "तीनदा बंद करून चालू केला." ते रिस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असली तर 'शट डाउन' म्हटल्यावर आतलं यंत्र पूर्ण विझत नाही, डुलकी काढतं, आणि उठताना जुनीच अवस्था परत आणतं. 'रिस्टार्ट' म्हटलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. २०१६ ची ती पाटी आठवली ना? म्हणूनच ती तशी होती. त्याने रिस्टार्ट केलं. फरक नाही.

तिसरा: तुझ्या कॉम्प्युटरला पत्ता मिळालाय का? काळी कमांडची खिडकी उघडून त्याने 'आयपीकॉन्फिग' टाईप केलं. आकड्यांची रांग आली, आणि माझं लेकरू पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसलं. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत होता. घरातल्या बहुतेक राउटरांचे असेच असतात. तोच १६९.२५४ ने सुरू झाला असता तर अर्थ असा, की राउटरकडून काहीच आलं नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक आकडा ठोकून दिलाय.

मग बाबांनी सांगितलं की 'पिंग १.१.१.१' करून बघ. हा बाहेरच्या एका सार्वजनिक सर्व्हरचा आकडी पत्ता. उत्तरं धडाधड आली. मग कुठल्याही वेबसाइटचं नाव घालून पिंग कर म्हणाले. काहीच नाही. पोरगा पाच मिनिटं गप्प. आणि मग, "आई, नंबर लागतोय, पण नाव लागत नाहीये. फोन चालू आहे, कॉन्टॅक्ट लिस्ट गेलीय." हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नाही. बाबांनीही नाही.

नावावरून नंबर शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पुढची पाऊण घटका तो सेटिंग्जमध्ये हरवला होता. दोनदा चुकीच्या पानावर गेला, एकदा वैतागून उठून फ्रिज उघडून आला. नवऱ्याने बसल्या जागी उशीचा कोपरा पिरगाळून टाकला. शेवटी वायफायच्या सेटिंगमध्ये सापडलं: डीएनएस 'ऑटोमॅटिक' नव्हतं, तिथे कुणीतरी एक पत्ता भरून ठेवला होता. हा 'कुणीतरी' उशी पिरगाळत शेजारीच बसलेला. आयपीएल बघायला म्हणून वर्षापूर्वी साहेबांनी मुलाच्या लॅपटॉपवर एक व्हीपीएन घातलं होतं. अपडेटनंतर ते सुरूच होईना, पण आपला डीएनएसचा पत्ता मात्र मागे ठेवून गेलं होतं. ऑटोमॅटिक केलं, नेट आलं. मुलाने बाबांकडे जे बघितलं ते फ्रेम करून ठेवण्यासारखं होतं.

एकूण सत्तर मिनिटं. बाबांनी सहा मिनिटांत केलं असतं. मधल्या चौसष्ट मिनिटांसाठी मी ही पोस्ट लिहितेय.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण मी हे एका भिशीत बोलले तेव्हा सगळं ऐकून झालंय.

"जीसीएसईचं वर्ष आहे, मुलांनी अभ्यास करायचा की हे धंदे?" हाच अभ्यास आहे की! एक गोष्ट पक्की करायची, मग पुढची, आणि पुराव्याशिवाय अंदाज ठोकायचा नाही. विज्ञानाच्या क्लासला तासाला पाउंड मोजून आपण हेच शिकवायला पाठवतो ना? आणि परीक्षेच्या आदल्या रात्री शिकवा असं मी म्हणत नाही. त्या रात्री खुशाल तुम्ही करा. एरवीच्या अकरा बुधवारांचं काय?

"काहीतरी बिघडवून ठेवतील." ठेवतील थोडंफार. नेटवर्क रिसेट मात्र शेवटी करायला सांगा, कारण त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएनसारखी सॉफ्टवेअर पुन्हा घालावी लागू शकतात. वायफायचा पासवर्ड सहसा राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो, तो आधीच कागदावर उतरवून ठेवा. बाकी ड्रायव्हर मागे नेता येतो, आलेलं अपडेट काढता येतं. नव्या ड्रायव्हरची फाइल लागली तर फोनवर डाउनलोड करून केबलने लॅपटॉपवर घेता येते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे असली की मुलाच्या हातून फार मोठं नुकसान होत नाही. शाळेने दिलेला लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी, त्याला हात लावायचा नाही, शाळेला कळवायचं.

"आमच्याकडे कुणी आयटीतलं नाही." मीही नाही. वरचे पहिले दोन प्रश्न विचारायला आयटी लागत नाही.

आणि एक भीतीची गोष्ट, जी कुणी भिशीत बोललं नाही. ज्याला काय बिघडलंय ते स्वतः तपासता येत नाही तो घाबरून फोनवर 'सपोर्ट नंबर' शोधतो आणि पहिल्या जाहिरातीतल्या नंबरला फोन लावतो. पलीकडचा गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा मागतो, मग कार्डाचा नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं तरी मुलांना आणि आईवडिलांना सांगून ठेवा. पलीकडचा आवाज पुष्कळदा आपल्याच देशातला असतो, म्हणून आपली म्हातारी माणसं चटकन विश्वास टाकतात.

म्हाताऱ्या माणसांवरून आठवलं. सांगलीला माझ्या वडिलांचं नेट गेलं की आतापर्यंत मी फोनवर वैतागायचे, "बाबा, काही करू नका, केबलवाल्याला बोलवा." मुलीला जे सांगत आले तेच वडिलांनाही. गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा मी स्वयंपाकात होते, फोन धाकट्याने घेतला. एरवी या दोघांचं बोलणं "कसा आहेस", "बरा आहे", "जेवलास का" यापुढे जात नाही. मुलाचं मराठी तिथे संपतं, आजोबांचं इंग्रजी लाजतं. त्या दिवशी ऐकते तर, "आजोबा, राउटरवर किती दिवे आहेत? हिरवे किती? लाल आहे का एखादा? लाल दिव्याखाली काय लिहिलंय?" आजोबांनी चष्मा आणला, खुर्ची ओढली, एलओएस अशी अक्षरं वाचून दाखवली. तो लाल असला म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नाही, दोष बाहेरच्या तारेत. म्हणजे लॅपटॉपच्या अपडेटचा संबंधच नव्हता, जरी आजोबा सकाळपासून त्यालाच शिव्या देत होते. "लुकलुकतोय की नुसता लाल आहे?" असं पोराने विचारलं आणि 'लुकलुकतोय' हा शब्द त्याला कुठून आला हे मला अजून कळलेलं नाही. पंचवीस मिनिटं बोलत होते. केबलवाल्याला बोलवावंच लागलं, पण आजोबांनी त्याला ऐटीत सांगितलं म्हणे, की तुमची फायबर तपासा, आमच्या घरातलं सगळं आमच्या नातवाने बघितलंय.

तो अपडेट बंद करायचा मेसेज ग्रुपवर अजून आहे. ज्या दादांनी टाकला त्यांनी तो काढावा ही विनंती, हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. ज्यांनी त्यातल्या पायऱ्या करून टाकल्या आहेत त्यांनी 'सर्व्हिसेस' उघडा, 'विंडोज अपडेट' शोधा, स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' असेल तो 'मॅन्युअल' करा, आणि मग अपडेट तपासा. मेसेजमध्ये सांगून रजिस्ट्रीत काही बदललं असेल तर तेही पूर्ववत करा. हे करताना मुलाला खुर्चीत बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा.

काही अडलं तर खाली कमेंटमध्ये विचारा. फक्त स्क्रीनवर काय दिसतंय ते जसंच्या तसं लिहा. "नेट नाही चालत" एवढंच लिहिलंत तर मी आधी वरचा पहिला प्रश्न विचारणार.